जुन्या साड्यांचं टेक्स्टाइल कोलाज: कापड निवडण्यापासून भिंतीवर लावेपर्यंत

जुन्या साड्या, फाटके शर्ट, ब्लाउजपीस, खणाचे तुकडे सगळ्यांच्या घरात असतात आणि टेक्स्टाइल कोलाज, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेलं चित्र, कसं करायचं ह्याचे व्हिडिओही आता भरपूर आहेत, पण त्यातल्या बहुतेकांची पद्धत एकच. आधी कागदावर मोर काढा नाहीतर गावातलं घर काढा, मग त्या आकाराचं कापड कापा, चिकटवा, झालं. ह्यात कापडाला फक्त रंग भरायचं काम उरतं आणि ते काम ब्रशने जास्त चांगलं झालं असतं. मी उलट बाजूने जायला सांगणारे. आधी कापड बघायचं, म्हणजे काठ कुठे आहे, पदर कुठे सुरू होतो, कुठे विरलंय, कुठे कोणीतरी कधीतरी रफू केलंय, आणि चित्र काय होणार ते त्यावरून ठरवायचं. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, आपल्या गोधड्या आणि जगभरचे कितीतरी मोठे कलाकार असंच काम करत आलेत, म्हणून प्रत्येक पायरीवर कोणाकडून काय घ्यायचं तेही सांगते.

पहिलं काम १८ बाय २४ इंचाचं करा. त्याहून लहान घेतलं तर साडीचा काठ, पदर ह्यांना जागाच मिळत नाही, आणि त्याहून मोठं घेतलं तर हातशिलाईला इतका वेळ जातो की अर्ध्यातच कंटाळून कपाटात जातं.

कापड गोळा करणं आणि तपासणं

शिल्पकार लुईझ बूर्जवा (१९११-२०१०) ह्यांच्यापासून सुरुवात करते. त्यांच्या आईवडिलांचं पॅरिसजवळ जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे विणून चित्र काढलेले भिंतीवरचे पडदे, दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं, लहानपणी त्या तिथे टॅपेस्ट्रीतल्या माणसांचे झिजून गेलेले पाय काढून द्यायच्या, म्हणजे मग त्यावरून विणकाम भरता यायचं. पुढे आयुष्यभर शिल्पं केली आणि ऐंशी ओलांडल्यावर पुन्हा कापडाकडे वळल्या, स्वतःचेच जपून ठेवलेले कपडे काढले, आणि २००२ मधे एक अख्खं कापडी पुस्तक केलं. त्याची पानं म्हणजे त्यांच्या लग्नाच्या वेळचे लिननचे छोटे टॉवेल, त्यावर नावाची अक्षरं भरलेली. ती अक्षरं त्यांनी लपवली नाहीत, कापूनही काढली नाहीत. आपल्याला घ्यायचंय ते इतकंच, की कापडावर आधीपासून जे आहे ते खोडायचं नाही.

तर गोळा करा. घरच्यांना विचारून करा, हे मी अगदी मनापासून सांगते, कारण तुम्हाला जी चिंधी वाटते ती आईसाठी किंवा आजीसाठी चिंधी नसते. कापायच्या आधी अख्ख्या साडीचा फोटो काढून ठेवा, काठाचा आणि पदराचा वेगळा. आणि खऱ्या जरीची जुनी पैठणी चांगल्या अवस्थेत असेल तर ती कापूच नका, ती नेसायची वस्तू आहे. फाटलेली असली तरी आधी दुरुस्त होते का बघा. कोलाजला काय, फाटक्या सुती नऊवारीवरही उत्तम काम होतं.

कापड कमी पडलं तर विकत घेता येतं. पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळी, तुळशीबाग, मुंबईत मंगलदास मार्केट आणि लेस-काठांसाठी भुलेश्वर. ओळखीच्या टेलरकडे कात्रणांची पिशवी मागितली तर बहुतेक जण आनंदाने देतात आणि त्यात अस्तराच्या कापडाचे इतके सुंदर रंग सापडतात की बाजारात जायचीही गरज पडत नाही.

आता तपासणी. ही कंटाळवाणी वाटते पण टाळू नका. कुठलं कापड सुती, कुठलं रेशमी आणि कुठलं पॉलिस्टर ते नजरेने नेहमी कळत नाही, म्हणून कडेचे चारपाच धागे काढा, चिमट्यात धरा, बेसिनवर जाऊन पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख मऊ पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. हे कळणं गरजेचं आहे कारण पुढे इस्त्री लागणार आहे आणि सुती कापडाच्या तापमानावर पॉलिस्टर चिकटून बसतं.

मग रंग जातो का ते बघायचं. कापडाचा कोपरा ओला करा, पांढऱ्या सुती रुमालात दाबून ठेवा, हवं तर वरून कोमट इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं ठेवा आणि पुन्हापुन्हा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमधे बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात पण आजच्या तयार रंगवलेल्या कापडाला त्याने काही होत नाही, त्यावर विसंबू नका. लाल आणि गडद निळ्याबद्दल जास्त सावध राहा. नवीन सुती कापड असेल तर खळ जाईपर्यंत धुवा, नाहीतर सुई जाताना अडकते आणि नंतर कधी धुतलं तर ते एकटंच आकसून सगळ्या कामाला सुरकुत्या पाडतं.

धुवून वाळलं की ढीग लावा, पण रंगावरून नाही, वजनावरून. मलमल आणि जुनी मऊ साडी एकीकडे, शर्ट-चादरीचं कापड दुसरीकडे, खण आणि जाड रेशीम तिसरीकडे, जीन्स-कॉर्डरॉय वेगळं. पातळ कापडावर जाड तुकडा शिवला की पातळ कापड ओढलं जातं, हे ढीग समोर असले की आपोआप लक्षात राहतं.

बघणं

ही पायरी कुठल्याच व्हिडिओत नसते आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यानपिढ्या शेतावरचे जुने कपडे जोडून गोधड्या केल्या, घरात थंडी वाजते म्हणून केल्या, आणि २००२ मधे त्यांचं मोठं प्रदर्शन आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधे झालं तेव्हा जगाला कळलं की अमूर्त चित्रकलेत ज्या गोष्टींसाठी लोकांना डोक्यावर घेतात त्या इथे किती आधीपासून चालल्या होत्या. मिझूरी पेटवे ह्यांनी नवरा गेल्यावर १९४२ मधे त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, त्याची आठवण म्हणून, अंगावर घेता यावी म्हणून. अशा कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांचे फोटो मोठे करून बघा. पँटचा खिसा उसवून काढलाय तिथे कापड गडद राहिलंय कारण खिशाखाली ऊन लागलं नाही, आणि गुडघ्यावर ते फिकट पडलंय. तो गडद चौकोन कोणी रंगवला नाही. तो तसाच्या तसा वापरलाय आणि अख्ख्या गोधडीचा तोल त्यावर उभा आहे.

तुम्ही हेच करायचंय. एकेक कापड खिडकीच्या उजेडासमोर धरा. विरलेल्या जागेतून उजेड जास्त येतो, रफू दिसतं, घडीची रेघ दिसते. नऊवारीच्या काष्ट्याचा भाग वेगळा झिजतो, पदराचा वेगळा, शर्टाची कॉलर आतून एका रंगाची आणि बाहेरून दुसऱ्या. हे सगळं खडूने खूण करून ठेवा. मग निवडलेले तुकडे जमिनीवर पसरा आणि मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइटमधे फोटो काढा. रंग गेल्यावर जर सगळे तुकडे एकाच करड्या रंगाचे दिसले तर तुमचं काम लांबून सपाट दिसणार, मग कितीही रंगीत असू दे, तेव्हा एखादं खूप फिकट आणि एखादं खूप गडद कापड त्यात आणा. लाल आणि हिरवा एकमेकांशेजारी डोळ्याला अगदी वेगळे वाटतात आणि फोटोत एकच निघतात, आपल्या साड्यांमधे हे फार होतं.

प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली तर सोडू नका. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम, १९४९ सालचं, कापडासाठी आपल्या देशातलं सगळ्यात समृद्ध ठिकाण, पण तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. आणि हे नाहीच जमलं तर घरातली जुनी गोधडी काढा, उलटी करा आणि मागची बाजू बघत बसा. टाके कसे गेलेत ते मागूनच कळतं.

बेस तयार करणं

बेस म्हणून मांजरपाट, म्हणजे जाडसर साधं सुती कापड, घ्या. २४ बाय ३० इंचाचा, म्हणजे चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त, कारण हाताने शिवताना काम आकसतं आणि शेवटी कापायलाही जागा लागते. गरम पाण्यात धुवा, दमट असतानाच इस्त्री करा. कडा कात्रीने सरळ करण्यापेक्षा एक धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापा, म्हणजे उभा आणि आडवा धागा खरोखर काटकोनात येतात. बेस तिरका असला तर भिंतीवर टांगल्यावर एक कोपरा खाली लोंबतो आणि तो नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

त्याच्यावर जुन्या मऊ सुती साडीचा एक थर टाका. ह्या थराने टाक्यांना खोली येते. पेन्सिलने १८ बाय २४ ची चौकट आखून घ्या आणि बेसची वरची बाजू कुठली ते मागे लिहा.

मांडणी: कडेपासून आत

इथे मी कवंदीचं ऐकते. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड ह्या भागात सिद्दी लोक राहतात, आफ्रिकी वंशाचे, त्यांतले बरेच जण पोर्तुगीजांच्या काळात गोव्याच्या गुलामगिरीतून सुटून ह्या जंगलात आलेल्यांचे वंशज. त्यांच्या बायका कवंदी नावाची गोधडी करतात. खाली एक साडी अंथरतात, एका कोपऱ्यापासून सुरू करतात, तुकडा ठेवतात, कडा आत दुमडतात, धावदोरा, म्हणजे सुई खालीवर करत जाणारा साधा सरळ टाका, घालतात, आणि कडेने फिरत फिरत आत येतात. आधी आखलेलं डिझाइन नसतं, कापून ठेवलेले सारखे चौकोन नसतात. पुढचा तुकडा कुठला हे आधीचा तुकडा ठरवतो. आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणांची फुलं लावतात, त्यांना फुला म्हणतात, ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

कोलाजमधे आपण सहसा मधोमध काहीतरी महत्त्वाचं ठेवतो आणि मग कडांना काय टाकू कळत नाही, मग कडा रिकाम्या आणि दुबळ्या राहतात. म्हणून कडेपासून सुरुवात करा. सगळ्यात मोठे दोन-तीन तुकडे आधी ठेवा, ते चौकटीच्या बाहेर गेले तरी चालेल. साडीचा काठ ही तुमच्या हातातली सगळ्यात ताकदवान रेघ आहे, ती कशी वापरताय ह्यावर सगळं अवलंबून आहे. आडवी टाकली की क्षितिज होतं, उभी टाकली की दार किंवा खांब, आणि कुठेतरी मधेच तोडली की नजर तिथे थांबते. इरकलीचा काठ रुंद आणि ठसठशीत असतो, तो एका कामात एकदाच वापरा. खणाचं तसं नाही, त्याची नक्षी बारीक आणि सगळीकडे सारखी असते, तो मोठ्या जागेतही चालतो, फक्त उजेडाप्रमाणे रंग बदलतो म्हणून भिंतीवर उभा धरून बघा.

कापायचं का फाडायचं? दोन्ही. कात्रीची कड धारदार दिसते, नजर तिथे अडते. फाडलेल्या कडेला दशा सुटतात आणि रंग शेजारच्या रंगात मिसळतो. सुती कापड उभ्या-आडव्या धाग्यावर छान फाटतं, उरेब, म्हणजे तिरकं, फाटत नाही. मी साधारणपणे लांबचं जे दिसायला हवं ते फाडते आणि जवळचं कापते. तुकडे एकमेकांवर अर्धा इंच तरी चढू द्या.

आणि एक मोठी जागा मोकळी सोडा, साधारण एक तृतीयांश. एकाच कापडाची, शांत. हे फार जड जातं कारण इतके सुंदर तुकडे हाताशी असतात, पण सगळे एकदम बोलायला लागले की एकही ऐकू येत नाही. मांडणी झाली की फोटो काढा, रात्रभर तशीच ठेवा, सकाळी वरच्या बाजूला उभं राहून उलटं बघा, दोन तुकडे काढून टाका. बहुतेक वेळा काढल्यावर जास्त चांगलं दिसतं.

टाचणं, आणि गोंदाचा प्रश्न

टाचण्या लावा आणि मग कच्चे टाके घाला, मधून कडेकडे, वीतभर अंतरावर आडवे-उभे, वेगळ्या ठळक रंगाच्या दोऱ्याने म्हणजे नंतर काढताना दिसतील. काम सपाट टेबलावर ठेवूनच घाला, मांडीवर घेऊ नका, मांडीच्या गोलाईने कापड सरकतं.

गोंद लावू का, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे, कापड कापडाला शिवायचं. पांढरा गोंद कापडात मुरतो, कडक होतो, पातळ कापडातून डाग वर येतो, आणि मुख्य म्हणजे त्यातून सुई जात नाही. गव्हाची खळ मऊ राहते पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि कसर लागते. फार दशा सुटणारा खण किंवा रेशीम असेल तर टेलर जे पातळ पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, वापरतात ते मागून इस्त्रीने लावा, मधे सुती कापड ठेवून, मंद आचेवर. जुनं रेशीम घडीवर तुटायला लागलेलं असेल तर त्याच्यामागे मलमलचा तुकडा ठेवा आणि रेशमाच्याच रंगाच्या अगदी बारीक दोऱ्याने दोन्ही एकत्र टाचा, अशा कापडाला ताण अजिबात देऊ नका.

शिलाई, म्हणजे खरं रेखाटन

आपल्याकडे गोधडी आणि वाकळ, बंगालमधे कांथा, बिहारमधे सुजनी. तिन्हीकडे मूळ टाका एकच, धावदोरा. त्याहून सोपा टाका नाही आणि त्याच्यात काय काय होतं ते बघितलं की दुसरे टाके शिकायची घाई राहत नाही. जुन्या कांथांमधे दोरासुद्धा साडीच्या काठातून उसवून काढलेला असायचा, म्हणून त्याचा रंग कापडाशी इतका जुळलेला असतो. तुम्हीही काढून बघा, सुती काठाचे रंगीत धागे निघतात, दोन-तीन एकत्र करून हलकी पीळ दिली की चालतात. नाहीतर भरतकामाची लडी घ्या, तिच्यात सहा पदर असतात, त्यातले दोन घ्या, ठळक रेघ हवी तिथे तीन. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, जाड थरांसाठी सात-आठ नंबर बरा. अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, घाला, सवय नसली तरी घाला. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका.

आता टाके कुठे घालायचे. फक्त तुकड्यांच्या कडेने घातले तर ते ठिगळ दिसतं. टाक्यांची ओळ एका तुकड्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर न थांबता गेली पाहिजे, गोधडीत जाते तशी, मग तुकडे वेगळे राहत नाहीत. गोधडीत टाके बाहेरून आत फिरत जातात, कांथात नक्षीची बाह्यरेषा धरून तिच्याभोवती तरंग उठल्यासारखे जातात. ह्या दोन चालींमधे काय फरक पडतो ते हाताने कळावं म्हणून कामाला लागायच्या आधी वीतभर दोन तुकड्यांवर दोन्ही करून बघा. आणि दाटपणाचाही प्रयोग करा. टाके जवळजवळ घातले की ती जागा दबते, विरळ ठेवले की ती फुगून वर येते, त्यामुळे नुसत्या टाक्यांनी एकाच रंगाच्या कापडात टेकडी आणि शेत वेगळं दाखवता येतं. मोकळी जागा सोडली होती ना, तिथे हे करा, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने.

दोरा ओढून घट्ट करू नका. प्रत्येक ओळीनंतर बोटाने कापड सपाट करा. तरीही थोड्या सुरकुत्या येतील, त्या राहू द्या, त्या ह्या कामाचा भाग आहेत.

कागद, रंग, फोटो, अक्षरं

कापडाबरोबर कागद, रंग, फोटो असं काही घेतलं की त्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. ती म्हणजे काहीही चिकटवायची मोकळीक असं वाटतं पण खरा प्रश्न असतो की ही दुसरी वस्तू इथे का आली. पिकासोने १९१२ मधे कॅनव्हासवर वेताच्या विणीचं छापील ऑइलक्लॉथ चिकटवलं आणि चौकटीऐवजी दोरखंड गुंडाळला, खरी वीण रंगवण्यापेक्षा छापलेली खोटी वीण ठेवली. आधुनिक कोलाजच्या अगदी सुरुवातीच्या कामांतलं हे एक, आणि त्यात कापडच आहे. पुढे ७० च्या दशकात चित्रकार मिरियम शापिरो (१९२३-२०१५) ह्यांनी बायकांच्या हातचे रुमाल, एप्रन, लेस ॲक्रिलिक रंगांबरोबर मोठ्या कॅनव्हासवर आणले आणि ह्या सगळ्याला फेमाज असं स्वतःचं नाव दिलं. ज्या हातकामाला कोणी कला म्हणत नव्हतं ते त्यांनी चित्राच्या मधोमध ठेवलं. रुमाल तिथे सजावटीला नव्हता, तोच विषय होता.

रंग वापरायचा तर ॲक्रिलिक, पाणी घालून पातळ, आणि कापडासाठीचं मीडियम, म्हणजे रंग कापडावर मऊ राहावा म्हणून घालायचं द्रावण, मिसळून. जाड थर दिला तर कापड पापुद्र्यासारखं होतं आणि सुई टोचली की भोक कायमचं राहतं, म्हणून रंग आधी आणि त्या जागेवरची शिलाई नंतर, तीही विरळ. चहाने तांबूस करणं सोपं आहे. हळदीचा रंग फार सुंदर येतो पण उजेडात लवकर उडतो, भिंतीवर लावायच्या कामात घेऊ नका. हिरड्याच्या पाण्यात बुडवलं की मऊ पिवळसर रंग येतो आणि त्यावर लोखंडाचं पाणी लागलं की काळा, कलमकारीतला काळा असाच गूळ आणि लोखंड आंबवून करतात. फक्त लोखंडाने वर्षानुवर्षांत कापड जीर्ण होतं, त्यामुळे थोडंच.

फोटो घ्यायचा असेल तर मूळ फोटो कधीच वापरू नका. स्कॅन करा, आरशातल्यासारखा उलटा करा, लेझर प्रिंटरवर साध्या कागदावर काढा, इंकजेटची शाई ओली झाली की फुटते म्हणून ती नको. सुती कापडावर ॲक्रिलिक जेल मीडियमचा सारखा थर द्या, प्रिंट पालथी ठेवा, बोटाने हवा काढा, रात्रभर वाळू द्या. सकाळी ओल्या स्पंजने कागद भिजवा आणि हळूहळू गोल चोळत काढा, घाई केली तर चित्रही निघतं. कुठे कुठे उडालेलं चांगलं दिसतं. कागद वापरायचा तर हातकागद घ्या, तो शिवता येतो. तिकिटं, पावत्या लावताना बघा, हल्ली मशीनमधून येणारी बरीचशी उष्णतेने छापलेली असतात, ती काही महिन्यांत कोरी होतात, त्यांची झेरॉक्स लावा. लोखंडी वस्तू नको, पहिल्याच पावसाळ्यात गंजाचा डाग पडतो. पितळी बटणं, आभले, शिंपले चालतील.

अक्षरांसाठी अमेरिकन चित्रकार फेथ रिंगगोल्ड (१९३०-२०२४) बघा. त्यांची आई विली पोझी फॅशन डिझायनर होती, १९८० मधे दोघींनी मिळून पहिली गोधडी केली. पुढे त्या मधे कॅनव्हासवर ॲक्रिलिकने चित्र रंगवायच्या, भोवती कापडाच्या तुकड्यांची चौकट जोडायच्या आणि त्यातच गोष्ट हाताने लिहायच्या. ‘टार बीच’ (१९८८) त्यातलं सगळ्यात गाजलेलं, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या गच्चीवरची उन्हाळ्याची रात्र. मराठी लिहायचं असेल तर शिरोरेघ एकाच लांब धाग्याने घाला आणि अक्षरं तिला टांगा, उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन घातलेली सलग रेघ, वापरा, धावदोऱ्यात वेलांट्या तुटतात. ओळ छोटी ठेवा.

पुरं करणं आणि लावणं

कच्चे टाके काढा. काम पालथं करून पाण्याचा हलका फवारा मारा, हाताने चौकोनी ओढा, थर्माकोलच्या शीटवर कडेने टाचण्या लावून सावलीत वाळू द्या. रंग जाणारं एखादं कापड चुकून राहिलं असेल अशी शंका असली तर फवारा नको, नुसती मंद इस्त्री मागून. मग चौकट पुन्हा मोजा, कडा कापा आणि उरेब पट्टी लावा किंवा कडा मागे दुमडून हातशिलाई करा. कोपऱ्यांना कवंदीसारखी फुला लावायची असेल तर ह्याच वेळी.

मागे एक सुती पट्टी शिवा आणि त्यावर लिहा, तुमचं नाव, वर्ष, आणि कुठलं कापड कोणाचं. शाईचं पेन नको, मुरते. शिवलंत तर उत्तम.

लावायचे दोन मार्ग. रिंगगोल्ड ह्यांनी १९७२ मधे ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिबेटी थांका, म्हणजे कापडी कडा असलेली गुंडाळता येणारी चित्रं, बघितल्या आणि तेव्हापासून लाकडी चौकट सोडून कापडी कडा घेतल्या, गुंडाळून कुठेही नेता येतात म्हणून. तसं हवं असेल तर मागे वरच्या कडेला चार इंच रुंद बोगद्यासारखी पट्टी शिवा आणि त्यातून लाकडी दांडी घाला. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग १९७५ मधे अहमदाबादला आले, गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात काम केलं, आणि इथल्या कापडांनी इतके भारावले की परत गेल्यावर जॅमर्स नावाची मालिका केली, त्यात कापड जवळजवळ काहीही न करता वेताच्या काठ्यांवर नुसतं लावलंय. टांगलेलं कापड हवेने हलतं, त्याचं वजन दिसतं, मला हाच प्रकार जास्त आवडतो. फ्रेम करायची असेल तर काच कापडाला टेकता कामा नये, फ्रेमवाल्याला मधे लाकडी पट्टी टाकून अंतर ठेवायला सांगा, नाहीतर आत ओल धरून बुरशी येते.

ऊन थेट येणारी भिंत नको, बाथरूमला लागून असलेली आणि पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंतही नको. कोकणात राहात असाल तर जून ते सप्टेंबर काम उतरवून ठेवलेलं बरं. घडी घालू नका. पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेलं मलमल गुंडाळा, त्यावर काम गुंडाळा, चांगली बाजू बाहेर ठेवून, म्हणजे चुण्या अस्तराला पडतात. वरून सुती चादर, प्लास्टिक नाही. डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा, कापडाला टेकू देऊ नका, आणि मधे एखाद्या उघडीपीच्या दिवशी काढून तासभर पंख्याखाली पसरा.